मॅव्हिसची डिस्क

रेनो तुओमेला वारला तेव्हा इथल्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. ‘कॉम्प्युटर क्षेत्रातील जाणकार, सौनाचे शौकीन, अविवाहित.’ जाणकार म्हणे! डोंबल. अहो, घरातला प्रिंटर अडला की हा माणूस मला बोलवायचा. टीव्हीचा रिमोट त्याला आयुष्यभर कळला नाही. त्याला एकच गोष्ट यायची, आणि ती मात्र अशी यायची की बास. डिस्कवर माहिती कशी रचून ठेवतात, आणि ती रचना विस्कटली तर पुन्हा कशी लावायची. त्यातच त्याचा जन्म गेला, आणि शेवटी त्यातच त्याचं काळीज फुटलं. ते त्या चार ओळींत कुठून येणार?

मी हॅनकॉक गावात, कालव्याच्या या बाजूला राहते, आणि रेनो टेकडीवर, दोन गल्ल्या वर. आम्ही दोघं एकाच कामातले: डिस्कवरची माहिती सांभाळणारा एक प्रोग्राम आहे, त्याच्या. आमची मंडळी जगभर पांगलेली, तोंडं दिसणार वर्षातून एकदा, भांडणं मात्र रोज. सगळा कारभार ईमेलवर आणि तोही चारचौघांत. कुणी एक ओळ जरी बदलली तरी ती आधी सगळ्यांपुढे ठेवायची. मग लोक तिचे वाभाडे काढणार. त्यातून वाचली तर ती माझ्याकडे येणार, कारण प्रोग्रामच्या दारावर मी बसलेली, मी घेतला तरच बदल आत जातो. प्रत्येक बदलाच्या खाली नावं लागतात: लिहिलं कुणी, वाचलं कुणी, चालवून पाहिलं कुणी. तिसरं नाव नसेल तर मी दार उघडत नाही. ‘ऐली म्हणजे तोंडाची फाटकी आणि डोक्याची वाकडी’ असं माझ्यामागे म्हणतात. म्हणू देत. लोकांचे जन्मभराचे फोटो ज्या प्रोग्रामवर विसंबून असतात, त्याच्या दारात गोड बोलणारी बाई बसवून चालत नाही.

रेनोच्या डोक्यात एक वेड होतं. डिस्कची रचना बिघडली की पूर्वी सगळं बंद करावं लागायचं. मशीन बंद, काम बंद, मग दुरुस्ती. एकदा एका इस्पितळात अशी दुरुस्ती चालू असताना तो दिवसभर तिथे बसून होता. नर्सा कागद-पेन्सिली घेऊन धावत होत्या आणि एक म्हातारी पुन्हापुन्हा विचारत होती, “माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट सापडला का हो?” रेनो घरी आला तो धुमसतच. म्हणाला, “ऐली, हे बंद न करता जमलं पाहिजे. लोक काम करत असतानाच.”

“हो का? मग चालत्या गाडीचं चाकही बदल,” मी म्हटलं.

“बदलीन,” तो म्हणाला, आणि खरंच लागला की कामाला!

यात गोम काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डिस्क हे कपाट धरा आणि मेमरी हे टेबल. कपाटातला कागद लागला की मशीन त्याची प्रत टेबलावर आणतं, तिच्यावरच वाचतं, लिहितं, आणि सवडीनं परत कपाटात ठेवतं. आता दुकान बंद असेल तर टेबल रिकामं असतं, कपाट खुशाल लावा. पण दुकान चालू असताना तुम्ही कपाटात नवी यादी लावलीत, आणि टेबलावर जुन्या यादीची एखादी प्रत पडून राहिली असली, तर थोड्या वेळानं मशीन ती जुनी प्रत इमानेइतबारे आणून तुमच्या नव्या यादीवर चिकटवणार. झालं वाटोळं! म्हणून रेनोचा पहिला नियम असा: दुरुस्तीच्या जागेच्या जेवढ्या जुन्या प्रती टेबलावर असतील तेवढ्या आधी शोधून बाद करायच्या. संशय आला तर टेबल झाडायचं आणि कपाटातलं खरं मानायचं. हे वाक्य तो जेवताना म्हणायचा, सौनाच्या वाफेत घाम गाळत म्हणायचा, बर्फ उपसताना म्हणायचा. मला वीट आला होता.

त्याच्या या वेडाला दुसरी एक वेडी भेटली होती, मॅव्हिस थिबोडो. ती सरहद्दीपलीकडच्या न्यू ब्रन्सविकमधल्या बॅथर्स्ट बंदराची. तिथल्या मासेवाल्यांच्या सहकारी संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळायची आणि हौसेनं आमचे प्रोग्राम चालवून पाहायची. लिहिणारे ढीगभर मिळतात हो. चालवून पाहणारं माणूस लाखात एक. मॅव्हिस जे चालवेल ते मोडणारच अशी तिची ख्याती. रेनोनं काही पाठवलं की चहा निवायच्या आत तिचा फोन.

“ए म्हाताऱ्या, तुझी दुरुस्ती माझ्या मशीनला गुदमरवून आली बघ.”

“तू काय केलंस, बये?”

“मी काय करणार! वरून खाली वाचत गेले नुसती. तूच शेण खाल्लंयस, दुसऱ्या पानावर.”

आणि दुसऱ्या पानावर शेण असायचंच. दोघंही एकेकटी. मॅव्हिसचा नवरा फार पूर्वीच सोडून गेलेला, रेनोचं लग्नच झालं नाही. वर्षातून एकदा आमची सगळी मंडळी जमायची तेव्हा ही दोघं एका टेबलाशी बसून सूप गार करत भांडायची. आम्ही बाकीचे डोळे मिचकावायचो. त्यापलीकडे काही झालं नाही. का झालं नाही कुणास ठाऊक.

मॅव्हिसला एक मुलगा होता, अँसेल. एकोणीस वर्षांचा असताना बर्फावरून त्याची गाडी घसरली आणि पुलाखाली गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मॅव्हिसचा फोन आला नाही, वसंतातही नाही. रेनो दर शनिवारी तिला फोन करायचा आणि दोघं काही न बोलता बसायची. हे मला त्यानंच सांगितलं. म्हणाला, “तिच्या घरातल्या घड्याळाचा आवाज येतो मला.”

मग एकदा ती बोलली. अँसेल घराच्या तळमजल्यावर बसून एक खेळ बनवत होता. कॉम्प्युटरवरचा, बंदरावरचा कसलासा. चित्रं त्याची, आवाज त्याचे, लोकांच्या तोंडची वाक्यंही त्याचीच. आईला बघू द्यायचा नाही. “पूर्ण झाला की दाखवीन, तोवर लुडबुड नको,” असं म्हणायचा. तो गेल्यावर तिनं त्याची डिस्क लावली तर त्या खेळाचा फोल्डर उघडेना. नाव दिसतं, आत जायला गेलं की मशीन नकार देतं. रचना बिघडलेली. बॅकअप गेली दीड वर्षं त्याच जागी येऊन अडखळत होता आणि तिथून पुढचं काही न घेता गुपचूप पुढे जात होता, हेही तिला तेव्हाच कळलं. बंद करून करायची जुनी दुरुस्ती चालवली असती तर तुकडे मिळाले असते, पण नावंगावं नसलेले, सगळे एका पोत्यात. नावांसकट परत लावणारी दुरुस्ती जगात एकच होती, आणि ती रेनोच्या मशीनवर अर्धवट पडली होती.

“घाई नाही,” मॅव्हिस त्याला म्हणाली. “तू नीट कर. मी थांबते.”

थांबली की ती! वर्षानुवर्षं थांबली. पण रेनोची कंपनी थांबेना. एका शरदात साहेबानं त्याला सांगितलं, या खेपेला तुझं काम आत गेलं तर ठीक, नाहीतर हे प्रकरण बंद, तूही मोकळा. आमची दारं ठरावीक काळच उघडी असतात, आणि या खेपेला ती एका शुक्रवारी संध्याकाळी लागणार होती. काम तयार होतं, वाचलेल्यांची नावं होती. पण चालवून पाहिलेलं सगळं कोऱ्या, ताज्या डिस्कवर. मी स्पष्ट सांगितलं: जुनी, भरलेली, खरोखर बिघडलेली डिस्क दुरुस्त करून दाखवा, तरच घेईन. आजही मी तेच सांगेन. ताज्या डिस्कवर कुणाचंही काहीही चालतं.

त्या शुक्रवारी सकाळी मॅव्हिसनं रेनोला फोन केला. मी त्याच्याच स्वयंपाकघरात होते. नेहमीसारखी मांस-बटाटे भरलेली पास्टी गरम करून नेली होती, नाहीतर तो नुसत्या कॉफीवर राहायचा. फोन टेबलावर बोलता ठेवलेला.

“अँसेलची डिस्क संस्थेच्या मशीनला लावलीय, आजच्या पावत्याही तिच्यावरच लिहितेय,” मॅव्हिस म्हणाली. “तुला जुनी आणि बिघडलेली हवी ना? हिच्यापेक्षा कुठे मिळणार?”

रेनोचा चेहरा उतरला. “नको. ती नको, मॅव्हिस.”

“का? तिच्यासाठीच तर केलंयस.”

“आपल्या धंद्यात जीव असलेल्या डिस्कवर प्रयोग करत नाहीत. तूच सगळ्यांना दटावतेस.”

“मला अक्कल शिकवू नकोस. आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून बाजूला ठेवलीय. बिघडलं तर परत पहिल्यापासून.”

“काढलीस? नक्की?”

“काढली रे बाबा! काय शपथ घेऊ?”

रेनोनं माझ्याकडे पाहिलं. प्रत असेल तर भीती कसली, मी मान हलवली. दुपारी तिनं दुरुस्ती चालवली. मशीन चालू, संस्थेचं काम चालू, मासळीच्या पावत्या निघतायत, आणि खाली रचना परत लागतेय. दिवस कलायच्या आधी तिचा फोन आला आणि मला वाटलं, काहीतरी झालं, बाई रडतेय. रडतच होती.

“उघडला. रेनो, फोल्डर उघडला. नावं आहेत सगळी. त्यानं दिलेली नावं आहेत. ‘आई-दारात’ म्हणून एक फाइल आहे.”

“उघडून बघितलीस?”

“नाही. आधी ऐलीचं काम. तिची वेळ भरतेय. मग उद्या सकाळी निवांत बसून एकेक बघणार. इतकी वर्षं थांबले, एक रात्र काय जड आहे?”

तिनं जुन्या बॅकअपशी जेवढं जुळवून बघता येईल तेवढं जुळवलं. सगळं जुळलं. तिसऱ्या ओळीत तिचं नाव आलं. मी दार उघडलं, रेनोचं काम आत गेलं. रेनो उठला आणि मला त्यानं मिठी मारली. आमच्याकडची माणसं मिठ्याबिठ्या मारत नाहीत. मला तर कुठे बघावं ते कळेना.

शनिवारी सकाळी मॅव्हिस कॉफी घेऊन बसली. बघण्याआधी सगळं दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवू म्हणून तिनं कॉपी लावली. कॉपी सुरू झाली आणि शेजारच्याच एका फोल्डरात तिला दोन नावं दिसली, निव्वळ कचरा, कुठल्याही भाषेत नसलेली अक्षरं. आता एखादं अडाणी माणूस असतं तर त्यानं तिकडे लक्षच दिलं नसतं. कॉपी होऊ दिली असती आणि सगळं वाचलं असतं. पण मॅव्हिस अडाणी नव्हती ना! तिनं लगेच कॉपी थांबवली आणि रेनोला फोन केला.

रेनोनं ऐकलं आणि म्हणाला, “थांबवलीस ते बरं केलंस. टेबलावर जुनं काहीतरी चिकटलंय. कॉपी केलीस तर कचऱ्याची कॉपी होईल. टेबल झाड.”

“सगळंच?”

“सगळं. कपाटातलं खरं आहे. नव्यानं वाचून घेऊ दे त्याला.”

तिनं झाडलं. एक ओळ टाइप करायची असते, त्याला वेळ तो किती लागणार? मग फोनवर नुसतं माऊसचं क्लिक, क्लिक.

“मॅव्हिस?”

“रेनो, फोल्डर रिकामा आहे.”

उलटं झालं होतं हो! आयुष्यभर जे खरं ठरलं, ते त्या एका सकाळी उलटं होतं. टेबलावरच्या प्रती दोन मापांच्या असतात, लहान कागद आणि मोठे ताव. रेनोच्या प्रोग्रामनं लहान कागद एकूण एक शोधून बाद केले. पण त्याच जागेचा एक मोठा ताव दुसऱ्या मापाचा म्हणून त्याच्या हाकेला ओ न देता पडून राहिला. रात्री कधीतरी मशीननं तो ताव आणून नव्या यादीवर चिकटवला. म्हणजे कपाटात कचरा गेला होता, मॅव्हिसला दिसलेली ती दोन नावं त्यातलीच, आणि अँसेलची खरी यादी, नावांसकट, दुरुस्त झालेली, जगात फक्त टेबलावर उरली होती. शुक्रवारची सगळी जुळवाजुळव मशीननं टेबलावरूनच उत्तरं देऊन पास केली होती. आणि रेनोनं स्वतःच्या तोंडानं ते टेबल झाडायला सांगितलं.

“काही हरकत नाही,” रेनो म्हणाला. “काढलेली प्रत लाव. परत पहिल्यापासून करू.”

पलीकडे पावत्यांचा प्रिंटर खरखरत होता.

“मॅव्हिस, प्रत लाव.”

“काढली नव्हती.”

“काय?”

“आख्खा दिवस लागला असता प्रत काढायला. ऐलीचं दार संध्याकाळी बंद होणार होतं. तुझं सगळं गेलं असतं रे.”

इतकं होईस्तोवर मशीननं ती जागा मोकळी समजून तिच्यावर पावत्या लिहायला घेतल्या होत्या. मॅव्हिसनं हात घालून मशीनची वायरच उपटली, पण व्हायचं ते झालं होतं.

रेनो माझ्या दारात आला तो टोपी न घालता. नोव्हेंबरात. म्हणाला, “काढ माझं काम बाहेर.” कारण विचारण्याआधी मी त्याला खुर्चीत बसवलं. मग त्यानं सांगितलं. मी त्याचं काम बाहेर काढलं आणि त्यानं सगळ्यांना ईमेल लिहिलं: चूक माझी, कुणीही हे चालवू नका. कंपनीनं ठरल्याप्रमाणे त्याला मोकळं केलं. त्यानं मोठ्या तावांची ती चूक बिनपगारी बसून दुरुस्त केली, आता हाक मारताना सगळ्या मापांना मारतो तो प्रोग्राम. पुढच्या वर्षी मी ते काम आत घेतलं. लोकांनी ईमेलवर अभिनंदनाचा पाऊस पाडला. रेनोनं एकालाही उत्तर दिलं नाही.

कारण त्याचा जीव दुसरीकडे होता. मॅव्हिसनं ती डिस्क त्याला पोस्टानं पाठवली होती. त्यानंच मागितली. तुकडे कुठेतरी असणारच होते. यादी गेली म्हणून कागद जळत नाहीत. पण कुठला तुकडा कशाचा, कुणाच्या आधीचा, ते सांगणारं काही उरलं नव्हतं, आणि त्यातले बरेच पावत्यांखाली गेलेले. रेनो रोज बसायचा. एक तुकडा उचलायचा, दुसऱ्याला लावून बघायचा, नाही जमलं की तिसरा. मी पास्टी न्यायचे, ती तशीच पडलेली असायची. मी खूप बोलले त्याला. “अरे, तू काय देव आहेस? सोड आता!” म्हटलं. तो म्हणायचा, “तिनं माझ्यासाठी प्रत काढली नाही, ऐली.” मग मी पास्टी पुन्हा गरम करायला न्यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात एक दिवस तो धावत आला. एक चित्र जुळलं होतं, आख्खं! पिवळी बोट, निळं पाणी. “बंदरावरचा खेळ होता ना त्याचा? बोट बघ!” आणि त्यानं ते मॅव्हिसला पाठवूनही दिलं होतं.

मी चित्र पाहिलं. ती बोट मी ओळखत होते. चित्र काढायचा एक प्रोग्राम असतो, त्याच्याबरोबर नमुन्याची म्हणून येते ती. माझ्या मशीनवर आहे, माझ्या भाचीच्या मशीनवर आहे. रेनोनं बापड्यानं जन्मात चित्र काढलं नाही, त्याला कुठून माहीत असणार? मी तोंड उघडणार इतक्यात त्याच्या फोनवर मॅव्हिसचं उत्तर आलं. त्यानं मोठ्यानं वाचलं: “हो, त्याचंच आहे. थँक्यू, रेनो.”

मी घरी जाऊन तिला फोन लावला. चिडलेच होते.

“मॅव्हिस, ती बोट कुणाची आहे ते तुला माहीत आहे.”

“आहे माहीत.”

“मग?”

“मग काय सांगू त्याला? दोन हिवाळे झाले, तो माणूस झोपत नाही. माझं पोरगं काही परत येणार नाही, ऐली. त्याला तरी सुटू दे. एक मिळालं म्हणून समाधान होईल आणि थांबेल तो.”

मलाही वाटलं, थांबेल. पण आम्ही दोघी रेनोला कमी ओळखत होतो. त्यानं उलट कंबर कसली. “एक मिळालं म्हणजे बाकीचेही तिथेच आसपास असणार!” म्हणाला आणि नव्या दमानं बसला. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी जुळायचं. दाराच्या करकरण्याचा आवाज, विटांच्या भिंतीचं चित्र, पावलांचा आवाज. सगळी नमुन्याची भरताड. तो पाठवायचा, आणि मॅव्हिसचं उत्तर यायचं: “हो, त्याचंच आहे. थँक्यू, रेनो.” मध्येच नाही म्हणायची सोय तिला राहिली नव्हती. मला मात्र दर वेळी फोन यायचा. “आज काय होतं माहितेय? घंटा. चर्चची घंटा.”

मग रेनो आजारी पडला. फुप्फुसं. डॉक्टरनं सौना बंद सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “मग उरलं काय?” खोकत खोकत बसायचा तरी मशीनपुढेच. खिडकीपर्यंत बर्फ चढला होता तेव्हाची गोष्ट, दुपारी माझा फोन वाजला. मॅव्हिस. तिला बोलताच येईना. मी घाबरले.

“अगं, काय झालं? बोल तरी!”

“त्यानं आज काही ओळी पाठवल्या. खेळातली वाक्यं. एक बाई दारात उभी राहून ओरडतेय.” तिचा श्वास लागला होता. “‘बूट बाहेर! आणि दार लाव, बंदराचं फाटक आहे का हे? जेवायला ये, नाहीतर समुद्रपक्ष्यांना घालीन.’ ऐली, ही मी आहे. हे मी म्हणायचे त्याला, रोज. त्यानं मला खेळात घातलं होतं. मला वाटायचं पोरगं ऐकतच नाही माझं.”

मी तिला रडू दिलं. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

“मग रेनोला काय लिहिलंस?” शेवटी मी विचारलं.

“काय लिहिणार? ‘हो, त्याचंच आहे, थँक्यू, रेनो.’ आता वेगळं काही लिहिलं असतं तर त्याला कळलं नसतं का, आधीची कसली होती ते?”

मी अंगावर कोट घातला आणि टेकडी चढले. रेनो पलंगावर उशांना टेकून बसला होता, मशीन मांडीवर.

“मॅव्हिसचं उत्तर आलं,” तो म्हणाला. “त्याचंच आहे म्हणे.”

“हो. माझ्याशी बोलली ती.”

“खूश होती?”

मी विचार न करता बोलून गेले. आयुष्यभर विचार न करताच बोलत आलेय. “रडत होती रे. ओक्साबोक्शी.”

रेनोनं मान वर केली. त्याच्या डोक्यात चाक फिरलेलं मला दिसलं. इतकी वर्षं पाहिलेला माणूस, मला कसं कळणार नाही?

“बोटीला नव्हती रडली,” तो म्हणाला.

मी खुर्ची त्याच्या पलंगाजवळ ओढली.

“घंटेलाही नाही. ऐली, ती बोट कुणाची?”

“माझ्याही मशीनवर आहे ती बोट,” मी म्हटलं. खोटं येतच नाही मला.

तो रागावेल वाटलं, रडेल वाटलं. तो नुसता मशीनकडे बघत होता. मग त्यानं पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. डिस्कचा नकाशा होता. एका कोपऱ्यात दाट खुणाच खुणा, सगळ्या बोटीच्या आसपासच्या. “ती ‘हो’ म्हणाली म्हणून मी इथे शोधत होतो. अँसेलचं इथे असणार म्हणून. सगळा वेळ इथेच.” मग पार दुसऱ्या टोकाला बोट नेलं, तिथे एकच खूण होती. “आणि हे आज चुकून सापडलं. इथे आहे तो. आता कुठे कळलं मला कुठे बघायचं ते.”

त्याला खोकल्याची उबळ आली. मशीन मांडीवरून घसरलं, मी धरलं. पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवायला गेले तर त्याच्या हातांना ते पेलेना.

“मॅव्हिसला हे सांगू नकोस,” तो म्हणाला.

“मी? मला तोंड आवरतं का कधी?”

“हे आवर.”

त्याच आठवड्यात तो गेला. डिस्क माझ्याकडे आली. त्यानं दाखवलेल्या टोकाला मी शोधलं. नीट शोधलं, जेवढं मला येतं तेवढं. मला पावत्यांखेरीज काही मिळालं नाही. रेनोला मिळालं असतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, मिळालं असतं.

मॅव्हिस आता शनिवारी मला फोन करते. बर्फाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. आणि ठेवताठेवता ती दर वेळी विचारते, “ऐली, माझं काही का होईना, पण शेवटी त्याला समाधान तरी मिळालं ना गं? मी खोटं बोलले, पण त्याचं भलंच झालं ना त्यानं?”

“झालं,” मी म्हणते. “खूप झालं.”